बुरुलचाची रेघ

दुशान्बेच्या विमानतळावर अर्धा तास
एका खाकी टोपीशी हुज्जत घातली
फिल्मच्या पाच डब्या छातीशी धरून:
साहेब, यंत्रातून नको, हातानं बघा.
त्यानं एक डबी कानाशी नेऊन हलवली,
आत काहीच वाजलं नाही
म्हणून असेल, सोडलं.

मग दोन दिवस जीप.
गुडघ्यांत तिपाई, मांडीवर कुणाचंतरी कलिंगड,
आणि अलिचूरच्या पुढे, जिथं झाड नावाची गोष्टच संपते,
जोरोबेकचा नमद्याचा युर्त,
धुराड्यातून याकच्या गोवऱ्यांचा वास.

मी पगारपत्रकं करणारा माणूस.
हा छंद कशाला, हे घरीसुद्धा सांगता आलेलं नाही,
मोडक्या रशियनमध्ये तर प्रश्नच मिटला.
किती वेळ लागतो, त्यानं विचारलं.
दोन तास.
एका फोटोला?
दोन तासांत, तो म्हणाला,
मी मेंढी सोलून, शिजवून, वाढून, हात धुऊन मोकळा.

खरं आहे. पण फिल्मचा स्वभाव माझ्या वडलांसारखा.
पहिल्या मिनिटात बघायचं तेवढं बघते,
मग अंधार लांबेल तशी आळसावते:
दुप्पट वेळ द्या, निमपट दिसेल.
तिला घाई चालत नाही, आणि
पुन्हा एकदा, हेही चालत नाही.

पहिल्या रात्री भिंगावर दव गोठलं.
दुसऱ्या रात्री एका याकला तिपाईवर मान खाजवावीशी वाटली.
तिसऱ्या रात्री बुरुलचानं, जोरोबेकच्या बायकोनं,
काही न बोलता चुलीतला एक कोमट दगड
लोकरीच्या मोज्यात घालून भिंगाला बांधून दिला,
दुखऱ्या दाढेला बांधावं तसा.

ध्रुव म्हणजे आमच्याकडे
बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर,
अढळ जागा मागून बसलेलं.
जोरोबेक म्हणाला, छे, कुणी सांगितलं?
तो लोखंडी खुंटा.
दोन घोडे बांधलेत त्याला,
रात्रभर चरत गोल फिरतात.
मी खुंट्यावर नेम धरला, शटर उघडलं,
आणि खारट चहाचं भांडं घेऊन
घोंगडीत जाऊन बसलो.

दीड तास झाला असेल.
युर्तचं दार उघडलं आणि बॅटरीचा पिवळा उजेड
थेट माझ्या चौकटीतून चालत निघाला,
गोठ्याकडे, हेलकावे खात.
ओरडलो असतो,
पण कुठल्या भाषेत? आणि
परक्याच्या अंगणात परक्यानं ओरडायचं कसं?
उजेड गेला. बराच वेळ गेला. मग परत आला.
मी वहीत लिहिलं: पंधरावा, वाया.

दीड महिन्यानं, घरच्या न्हाणीघरात,
लाल दिव्याखाली एकेक कागद उजळत गेला.
चौदा अगदी बिनचूक आभाळं,
कुणाचीही असू शकतील अशी.
आणि पंधरावं:
वर घोड्यांच्या फेऱ्या, रेघ न रेघ गोल,
खाली नुसती एक वाकडी, थरथरती वाट.
तिला धरून चालणारी बाई कुठेच नाही.
फिल्मला फक्त थांबलेलं कळतं
किंवा जळणारं.

पुढच्या उन्हाळ्यात तो कागद
मी बुरुलचासमोर सतरंजीवर ठेवला.
तिनं आभाळाकडे पाहिलंच नाही.
पदराशी हात पुसून
तर्जनी युर्तच्या दारावर टेकवली
आणि सावकाश रेघेवरून चालायला लागली.

इथे कुत्रा आडवा आला.
इथे वासराचा आवाज ऐकला, म्हणून भरभर.
गोठ्यापाशी उजेडाचा एक जाड गोळा होता,
मी त्याला डाग समजत होतो.
तिथे बोट थांबलं. बराच वेळ.
मेलं ते, ती म्हणाली, पहाटे.

मग परतीच्या रेघेवर, निम्म्या वाटेत,
एक बारकासा आकडा,
मला कधी दिसलाच नव्हता.
आणि इथे, ती हसली,
बूट निसटला होता पायातून.